डायव्हिंगच्या सामानाचा ट्रेलर: बांधणी परतीच्या प्रवासासाठी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीहून मालवणला अथवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाकडे स्कूबा डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांचे सामान जाताना कोरडे असते आणि परतताना खाऱ्या पाण्याने चिंब झालेले असते. ट्रेलरचे नुकसान होते ते या परतीच्या प्रवासातच. म्हणून त्याची बांधणीही परतीचा विचार करूनच करावी.

आपल्या भागात ट्रॉली म्हटले की उसाची ट्रॉली डोळ्यांपुढे येते. परंतु ती ट्रॅक्टरच्या संथ वेगासाठी असते आणि या कामाला चालत नाही. एका आसाचा, पाटे असलेला छोटा मालवाहू ट्रेलर घ्यावा. वेल्डरकडे जाण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात जावे, कारण नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार परस्पर करता येत नाही. आपली गाडी किती वजन ओढू शकते, हेही तिच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहावे.

त्यानंतर वजनाचा हिशेब मांडावा. ८० घनफुटी म्हणून ओळखला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा सुमारे १४ किलो आणि हवा भरल्यावर सुमारे १७ किलो भरतो. सहा जणांसाठी १२ सिलिंडर धरले, तर तेवढ्यांचेच २०० किलोंच्या वर जातात. शिशाची वजने, हवेची जाकिटे, फिन्स (पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंख), वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) आणि गोड्या पाण्याचा ५० लिटरचा पिंप मिळून आणखी दीडशे किलो सहज होतात. ट्रेलरचे स्वतःचे वजन २५० किलो मानल्यास एकूण भार ६०० किलोंच्या घरात जातो आणि त्याचा १० ते १५ टक्के भाग, म्हणजे ६० ते ९० किलो, हुकावर यायला हवा. तो कमी पडला, तर ट्रेलर मागे डोलू लागतो. ओळखीच्या भुसार दुकानातला वजनकाटा ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली ठेवून हा भार मोजता येतो. सिलिंडर, शिसे आणि पिंप आसाच्या अगदी वर बसवावेत, म्हणजे परतताना पिंप रिकामा झाला तरी तोल बिघडत नाही.

सिलिंडरचा व्यास सुमारे १८.५ सेंटिमीटर असतो. त्यामुळे मरीन प्लायच्या (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या) दोन फळ्यांना त्याहून किंचित मोठी भोके पाडून एक फळी तळाशी आणि दुसरी दोनतृतीयांश उंचीवर बसवावी, भोकांच्या कडांना रबर लावावे आणि वरून पट्ट्याने आवळावे. ॲल्युमिनियम लोखंडाला थेट टेकू देऊ नये, कारण खाऱ्या ओलाव्यात या जोडीतले ॲल्युमिनियम झिजते. सिलिंडरवरील चाचणीच्या तारखेचा शिक्का फळीआड जाणार नाही, एवढे पाहावे. हवा भरणारा तोच आधी तपासतो. वर हवेशीर, फिकट रंगाचे छप्पर हवे: ३० अंशांना २०० बार असलेला दाब ६० अंशांना सुमारे २२० बार होतो. रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घेण्याचे साधन) आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली व वेळ दाखवणारे मनगटी यंत्र) मात्र गाडीतच ठेवावेत.

सांगाड्यावर नुसता रंग पुरत नाही. सर्व वेल्डिंग आणि भोके पूर्ण झाल्यावरच तो वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यावा, कारण नंतर मारलेले प्रत्येक भोक गंजाला दार उघडून देते. चौकोनी पाइप वापरल्यास त्याला हवा निघण्याची भोके ठेवावीच लागतात. बंद पाइप जस्ताच्या कढईत फुटू शकतो. माझ्या मते उघडा चॅनल (एक बाजू मोकळी असलेली लोखंडी पट्टी) बरा, त्याच्या आतूनही पाणी मारता येते. नटबोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. तळ जाळीचा असावा. आम्ही पहिल्यांदा हौसेने पत्र्याची बंद पेटी केली होती. एका मोसमात तिचे कोपरे कुजले आणि वेटसूटचा वास तर विचारूच नये.

वाळवणीची सोय करताना एक गोष्ट घाटमाथ्यावरच्या आपणा लोकांनी विसरू नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. उंचावर हवेचा दाब कमी होऊन शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ नयेत, म्हणून डायव्हिंगनंतर विमानप्रवासासाठी सांगितलेला विसावा साधारण ६०० मीटरांपासून लागू होतो: एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास. म्हणजे संध्याकाळी पाण्याबाहेर येऊन रात्रीच आंबोली चढायची नाही, किनाऱ्यावर मुक्काम करायचा. हा मुक्काम सामानाच्याही पथ्यावर पडतो. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना बाहेर ओढता येणारे आडवे पाइप बसवावेत, पिंपातील पाण्याने सामान आणि सांगाडा धुऊन वेटसूट त्यांवर रात्रभर टांगावेत आणि सिलिंडरच्या बुडाची रबरी टोपी काढून ठेवावी, कारण तिच्यात खारे पाणी साचून राहते. रिकामे वाटणाऱ्या सिलिंडरमध्येही २० ते ३० बार हवा शिल्लक ठेवली म्हणजे आत दमट हवा शिरत नाही.

मागचे दिवे, सुरक्षा साखळी आणि जादा चाक हवेच. एवढ्या वजनाला घाटउतारासाठी, गाडी मंदावताच ट्रेलरच्या रेट्याने आपोआप दाबला जाणारा ब्रेक बसवून घ्यावा. घाट चढून आल्यावर पहिल्या थांब्याला दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहावा: कोमट लागले तर पुढे निघावे, चटका बसला तर बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय चाक फिरवू नये.