सुटका करून आणलेल्या गाभण मिनिएचर घोडीची विण्यापूर्वीची काळजी

हालअपेष्टांतून सोडवून आणलेली मिनिएचर (म्हणजे अगदी ठेंगण्या जातीची) घोडी गाभण निघाली, की दोन गोष्टी कुणीच सांगू शकत नाही: ती कधी फळली आणि आजवर तिच्या पोटात काय गेले. घोडीचा गर्भकाळ साधारण 320 ते 360 दिवसांचा असतो, पण इथे मोजणी सुरू करायला पहिला दिवसच हाती नसतो. म्हणून ती येत्या आठवड्यात विणार असे धरूनच तयारीला लागा. खाण्यापिण्यातला बदल मात्र कितीही घाई वाटली तरी हळूहळूच करा.

पहिली पायरी: वेगळी जागा आणि डॉक्टर

तिला तीन-चार आठवडे इतर घोड्यांपासून वेगळे ठेवा. तिची भांडी आणि खराराही वेगळा हवा. घोड्यांच्या पशुवैद्याला लगेच बोलवा आणि सोनोग्राफीवरून गर्भ साधारण किती महिन्यांचा आहे, जुळे तर नाही ना, हे विचारून घ्या. शिंगराचा बाप मोठ्या जातीचा असण्याची शक्यता असेल तर तेही सांगा, कारण मग विण्याच्या वेळी अडचण येण्याचा धोका वाढतो.

जंताचे औषध अंदाजाने देऊ नका. आधी लीद तपासून घ्या आणि घोडीला काट्यावर उभी करून वजन करा. एवढ्याशा जनावराला मोठ्या घोड्याच्या हिशोबाने दिलेली मात्रा सहज जास्त होते, आणि काही औषधे गाभणपणात चालतच नाहीत. धनुर्वाताची लस पूर्वी दिल्याची नोंद नसेल तर दोन मात्रा लागतात. शेवटची मात्रा विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी व्हावी, म्हणजे चिकातून शिंगराला संरक्षण मिळते. वाढलेले खूर नालबंदाकडून थोडे थोडे, दोन-तीन वेळांत उतरवून घ्या. दातही तपासा, कारण या लहान जबड्यात दातांची दाटी असते आणि चावता येत नसेल तर चांगले गवतही अंगी लागत नाही.

दुसरी पायरी: खाणे

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या दयेपोटी होतात.

घोडी हाडकुळी झालेली असेल तर तिच्यापुढे चंदीचे घमेले ठेवू नका. उपाशी शरीरात एकदम धान्य गेले की रक्तातले फॉस्फरससारखे क्षार झपाट्याने खाली येतात आणि जनावर दगावू शकते. पहिले काही दिवस चांगला वाळलेला लसूणघास थोडा थोडा, दर चार तासांनी द्या. आठ-दहा दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवा. चंदीचा विचार त्यानंतर, तोही डॉक्टरांना विचारूनच.

घोडी लठ्ठ असेल तर उलटा मोह होतो: खाणे कमी करून वजन उतरवावे असे वाटते. गाभण मिनिएचर घोडीच्या बाबतीत हे जिवावर बेतते. आहार अचानक तुटला की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडते, यकृताला तो भार पेलत नाही आणि घोडी एक-दोन दिवसांत कोसळू शकते. तिने एक वेळचे खाणे टाकले, मान खाली घालून सुस्त उभी राहिली, तरी वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. वजन उतरवायचे ते विल्यानंतर बघता येईल.

प्रकृती सावरल्यावर रोजचा सुका चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के पुरतो, म्हणजे 100 किलोच्या घोडीला दीड ते दोन किलो. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ झपाट्याने वाढतो, तेव्हा प्रथिने आणि खनिजे वाढवावी लागतात. मीठ आणि स्वच्छ पाणी सदैव समोर असावे. कुरणात टॉल फेस्क्यू गवत असेल तर तिला तिथून काढा. त्या गवतातल्या बुरशीमुळे दूध आटते आणि वार (गर्भाला पोसणारे आवरण) जाड होते.

दाट केसांखाली बरगड्या दिसत नाहीत, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. आठवड्यातून एकदा बरगड्या आणि पाठीचा कणा हाताने चाचपा. गाभण घोडीचे पोट खाली ओघळते, पण कण्यावर मांस नसले तर ती रोडच आहे.

तिसरी पायरी: हाताची सवय

माणसाला घाबरलेल्या घोडीची कास विण्याच्या रात्री पहिल्यांदा हाताळायला गेलात तर ती लाथ मारणारच. रोज खरारा करता करता हात मानेवरून पोटाकडे आणि मग कासेपर्यंत न्या. ती आखडली की थांबा, सैल झाली की हात काढून घ्या. ही ओळख जितकी पक्की, तितके पुढचे सारे सोपे जाते.

चौथी पायरी: विण्याची जागा

शक्यतो चार ते सहा आठवडे आधी तिला त्या जागेत आणा. तिथल्या जंतूंविरुद्धची प्रतिकारशक्ती तिच्या चिकात उतरायला तेवढा वेळ लागतो. साधारण दहा फूट लांब-रुंद खोली आणि खाली पेंढ्याचा जाड थर पुरेसा आहे. लाकडाचा भुसा नको, तो ओल्या शिंगराच्या नाकाला चिकटतो. दाराखालच्या आणि कुंपणाच्या फटी बुजवा, कारण हे शिंगरू फार लहान असते आणि त्यातून बाहेर घसरते.

पाचवी पायरी: खुणा आणि पहारा

बहुतेक घोड्या विण्याच्या दोन ते चार आठवडे आधी कास धरतात. पुढे शेपटीच्या बुंध्याजवळचा भाग मऊ पडतो, योनी सैल होते, सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब जमतात. मेण दिसल्यावर साधारण एक ते तीन दिवस उरतात, मात्र काही घोड्या ही खूण दाखवतच नाहीत. रोज कास बघून वहीत नोंद ठेवा. कित्येक आठवडे आधीच दूध ठिबकू लागले किंवा योनीतून स्राव आला, तर वारेला संसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर हवेत.

घोड्या बहुधा रात्री वितात आणि या जातीत रात्रीचा पहारा टाळता येत नाही. शिंगराचे डोके आईच्या कटीच्या मानाने मोठे असल्याने अडण्याचे प्रमाण जास्त असते. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवे. वीस मिनिटांत काहीच पुढे सरकले नाही तर डॉक्टरांना बोलवा. पांढुरक्या पिशवीऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी दिसली तर थांबू नका: ती लगेच कापा आणि शिंगरू बाहेर घ्या, कारण वार आधीच सुटलेली असते आणि त्याला प्राणवायू मिळत नसतो. नाकावर पडदा राहिला असेल तर तोही फाडा.

तासाभरात शिंगरू उभे राहावे, दोन तासांत प्यावे, तीन तासांत वार पडावी. यातले काही चुकले तर फोन करा. सगळे नीट झाले तरी 18 ते 24 तासांच्या आत डॉक्टरांकडून शिंगराच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या.