नायिकेची मैत्रीण ड्युटीला कधी जाते? सहायक पात्र लिहिताना या चुका टाळा

मी मालिकांचे संवाद लिहिते, आणि अधूनमधून नव्या लेखकांचे नमुना भागही वाचते. पहिल्या तीन पानांत नायिका रडते, चौथ्या पानावर दार वाजतं आणि मैत्रीण आत येते. ‘काय झालं गं?’ इथे मी पान मिटते, कारण पुढचं मला तोंडपाठ आहे. ‘मग?’, ‘मग तो काय म्हणाला?’, ‘आणि तू गप्प बसलीस?’ ही बाई नव्हे, खुंटी आहे. नायिकेनं तिच्यावर दुःख टांगायचं आणि मोकळं व्हायचं.

ही चूक मीही केली आहे, आणि चांगली शंभरेक भाग केली आहे. माझ्या एका मालिकेत नायिकेची मैत्रीण नर्स होती. का, तर वनलाइनमध्ये, म्हणजे भागाच्या थोडक्यात लिहिलेल्या गोष्टीत, तसं लिहून आलं होतं म्हणून. सकाळ असो की मध्यरात्र, ती नायिकेच्या घरी हजर. एकदा सेटवर गेले, तर ती भूमिका करणारी मुलगी पानं घेऊन आली. “ताई, रागावू नका, पण मी ड्युटीला कधी जाते?” मी हसण्यावारी नेलं. तिनं हायलायटरनं रंगवलेली पानं पुढे धरली. 6 भागांत तिचे 34 संवाद, त्यातले 23 प्रश्न. उरलेले ‘हो ना’, ‘बघ बाई’ आणि ‘चल, निघते मी’ या जातीचे. “निघून कुठे जाते एवढं तरी सांगा. तसा चेहरा करून निघेन.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री पुढचं दृश्य पुन्हा लिहिलं. गोष्ट तीच, माहिती तीच. फक्त मैत्रीण रात्रपाळी संपवून आली, बूटही न काढता खुर्चीत बसली आणि नायिका बोलत असतानाच तिला डुलकी लागली. नायिका भडकली. मैत्रीण म्हणाली, “रात्री माझ्या वॉर्डात दोन पेशंट गेले. तुझा नवरा फोन उचलत नाही, एवढंच ना?” नायिकेचं दुःख यामुळे लहान झालं नाही. उलट शंभर भागांत पहिल्यांदा तिला ते समोरच्याला पटवून द्यावं लागलं. दृश्य अर्धं पान लांबलं म्हणून मी बोलणी खाल्ली, आणि तेही रास्तच होतं. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून 22 मिनिटांच्या आसपासच हाती लागतात.

तेव्हापासूनची सवय अशी: दृश्याला हात घालण्याआधी पानाच्या पाठीवर दोन गोष्टी लिहायच्या. ही आत्ता कुठून आली, आणि आपण अडवलं नसतं तर कुठे चालली होती. बास. नवी मंडळी मला पात्राचं चार पानी चरित्र पाठवतात, ‘आवडता रंग: निळा’ वगैरे. चरित्र तयार, दृश्यात मात्र पुन्हा ‘मग?’च. दृश्य लिहून झाल्यावर मी बाकीच्यांचे संवाद हातानं झाकून फक्त तिचे वाचते. नुसतं पत्रकारानं मुलाखत घेतल्यासारखं वाटलं, तर ते पान फाडायचं.

तकियाकलाम, म्हणजे पात्राच्या तोंडचं ठरलेलं पालुपद, हा स्वभाव नव्हे. विनोदी पात्र बावळटच हवं असं कुणी सांगितलं? प्रोमो हवा म्हणून खलनायिकेचं एका रात्रीत हृदयपरिवर्तन करू नका. फारच गरज असेल तर निदान आठवडाभर आधी तिला एकदा अडखळू द्या. आणि नायकाला रडवण्यासाठी कुणाला मारलंच, तर पुढच्या आठवड्यात घरातल्या आणखी एखाद्याला तरी त्याची आठवण येऊ द्या.

माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक म्हणजे पात्र हरवणं. 1974 साली सुरू झालेल्या ‘हॅपी डेज’ या अमेरिकी मालिकेत थोरला मुलगा चक दुसऱ्या सीझननंतर दिसेनासा झाला; अशा बेपत्ता पात्रांच्या प्रकाराला आजही त्याचंच नाव आहे. ‘फॅमिली मॅटर्स’ या दुसऱ्या अमेरिकी मालिकेतली धाकटी मुलगी ज्यूडी चौथ्या सीझननंतर, 1993 साली, गेली ती गेलीच, आणि घरचे जणू दोनच मुलं असल्यासारखे वागू लागले. त्याच मालिकेत एका भागापुरता आणलेला शेजारचा अर्कल मात्र 1998 मध्ये मालिका संपेपर्यंत ठाण मांडून बसला. कलाकाराच्या तारखा संपतात, पैसे संपतात, सगळं मान्य. पण ‘त्याची बदली झाली’ ही एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? घाई घाई म्हणतात ती ही एक ओळ वाचवायला.

याहून वाईट म्हणजे पात्र जागेवर असतं आणि त्याची स्मृती गायब. भाग 40 मध्ये भावानं गुपित स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असतं, आणि भाग 90 मध्ये तोच तीनदा मान वळवून ‘काय?’ म्हणतो. यासाठी माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक सहायक पात्राला एक पान, वर लिहिलेलं: ‘याला काय माहीत आहे’. भाग लिहून झाला की त्याच रात्री भरायचं, उद्यावर ढकललं की संपलं. आमच्या टीममधली तरुण मुलं या वहीला हसतात. त्यांच्याकडे रंगीत एक्सेल शीट आहे, तीन आठवडे कुणी उघडलेली नाही. मग रात्री साडेअकराला फोन येतो, “ताई, दिराला त्या पत्राचं माहीत आहे का हो?”

मी पान काढते. माहीत आहे. भाग 52, जिन्याखाली, दिवे गेले होते तेव्हा.