रिलीफ पिचर व्हायचंय? बुलपेनच्या कामाची खरी ओळख

बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून सामना सुरू करणारा पिचर (चेंडू टाकणारा), म्हणजे स्टार्टर, थकला किंवा मार खायला लागला, की बुलपेनमधला, म्हणजे राखीव पिचर तयार होतात त्या जागेतला, फोन वाजतो आणि काही मिनिटांत दुसरा पिचर, म्हणजे रिलीफ पिचर, तयार लागतो. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेतल्या संघात 26 खेळाडू असतात, त्यात पिचर जास्तीत जास्त 13. पाच स्टार्टर वजा केले की आठ उरतात. 30 संघांचा हिशेब केला तर या कामाच्या सर्वात वरच्या जागा 240च्या आसपास.

लहानपणापासून रिलीफ पिचर म्हणून वाढलेले फार थोडे. मारियानो रिवेरा आधी स्टार्टर होता, ट्रेव्हर हॉफमन शॉर्टस्टॉप (एक क्षेत्ररक्षक), केनली जॅन्सन कॅचर (यष्टिरक्षकासारखा चेंडू झेलणारा). स्टार्टरला तेच बॅटर एका सामन्यात दोन-तीनदा भेटतात, त्यामुळे त्याला तीन-चार प्रकारचे चेंडू लागतात. रिलीफ पिचर बहुतेक वेळा एका बॅटरला एकदाच भेटतो, त्याला दोन चांगले चेंडू पुरतात. रिवेराने 652 सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याच्या नोंदी) मुख्यतः एका कटरच्या, म्हणजे शेवटी किंचित वळणाऱ्या वेगवान चेंडूच्या, जोरावर मिळवले. तिसरा चेंडू जमत नाही म्हणून प्रशिक्षकाने बुलपेनमध्ये पाठवलं, तर ती पदावनती समजू नका. तिथे एका इनिंगपुरती (सामन्यातल्या नऊ डावांपैकी एकापुरती) सगळी ताकद लावता येते, त्यामुळे वेगही थोडा वाढतो.

नवख्यांचा सर्वात जास्त गोंधळ वॉर्म-अपमध्ये होतो. चौथ्या-पाचव्या इनिंगपासून कंबर, खांदे, मनगट मोकळं करायला लागा. रबरी पट्ट्या आणि वजनदार चेंडूंचे व्यायाम याच वेळी उरकावेत. फोन आला की साधारण 15 ते 25 चेंडू. पहिले पाच-सहा हलके, कॅचर उभा असताना. तो बसला की फास्टबॉल, प्लेटच्या (बॅटरजवळच्या पाटीच्या) दोन्ही कडांना. मग स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) किंवा जो दुसरा चेंडू असेल तो. शेवटचे तीन-चार पूर्ण जोरात, बेसवर (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या टप्प्यावर) रनर आहे असं धरून, स्ट्रेचमधून, म्हणजे अशा वेळच्या आखूड पवित्र्यातून. माउंडवर (चेंडू टाकायच्या उंचवट्यावर) पोचल्यावर साधारण दोन मिनिटांचं घड्याळ चालू असतं. तिथला वेळ माउंडच्या मातीचा आणि पायाच्या टप्प्याचा अंदाज घेण्यात घालवावा. हात आधीच गरम झालेला हवा.

बिघडतं ते पुढे. सहाव्या इनिंगमध्ये उठवलं, 20 चेंडू टाकले, धोका टळला म्हणून बसवलं. आठव्यात पुन्हा 20, मग सामन्यात 18. अधिकृत नोंदीत फक्त 18 दिसतात, हाताने मात्र 58 टाकलेले असतात. हा आकडा स्वतःच्या वहीत रोज लिहा आणि बुलपेन कोचला स्पष्ट सांगा. तिसऱ्या सलग दिवशी तर सांगाच. नेहमीचा वेग ताशी दोन मैलांनी उतरला, किंवा कोपराखालचा हाताचा भाग आखडला, तर ती शूरपणा दाखवायची वेळ नाही. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटण्याआधी अनेकदा हीच लक्षणं दिसतात. त्यावरची टॉमी जॉन शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 साली पहिल्यांदा केली. आजही त्यानंतर मैदानात परतायला साधारण 12 ते 18 महिने जातात.

आता सामन्यातलं. 2020पासून आलेल्या पिचरला किमान तीन बॅटर किंवा इनिंगचा शेवट, यांपैकी काहीतरी गाठावंच लागतं. एकाच डावखुऱ्या बॅटरपुरता येणारा तज्ज्ञ पिचर त्यामुळे जवळपास संपला. दोन्ही हातांच्या बॅटरसमोर चालेल असा चेंडू हवा. चेंडू टाकायला बेस रिकामे असताना 15 सेकंद, रनर असताना 18. रनरला रोखायला एका बॅटरच्या वेळी दोनदाच पाय मागे घेता किंवा बेसकडे चेंडू फेकता येतो. तिसऱ्यांदा तसं केलं आणि रनर बाद झाला नाही, तर बॉक, म्हणजे नियमभंग, आणि रनर एक बेस पुढे. म्हणून हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू कॅचरकडे 1.3 सेकंदांच्या आत पोचवायचा सराव करा. पाय उंच उचलायची सवय असलेल्यांना हा बदल फार जड जातो.

तुम्ही आलात तेव्हा बेसवर असलेल्या रनरची धाव आधीच्या पिचरच्या नावावर चढते. तुमचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) स्वच्छ राहतो, संघ मात्र हरतो. म्हणून संघ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर, म्हणजे योग्य टप्प्यातल्या किंवा हुकलेल्या चेंडूंवर, बॅटर बाद) आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) यांचं प्रमाण अधिक बारकाईने पाहतात. चार वॉक देऊन वाचलेली इनिंग कुणालाच आवडत नाही.

कराराचे नियम चेंडूइतकेच महत्त्वाचे. मेजर लीग संघाच्या 40 जणांच्या यादीत आल्यावर संघ तुम्हाला तीन हंगाम ‘ऑप्शन’वर मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावरच्या स्पर्धांत) पाठवू शकतो, एका हंगामात पाच वेळा. काल बुलपेनला जास्त राबावं लागलं, तर आज ताजा हात आणण्यासाठी ऑप्शन शिल्लक असलेल्यालाच खाली धाडतात. कालची तुमची इनिंग कितीही चांगली असो. पाठवलेल्या पिचरला साधारणपणे 15 दिवस परत बोलावता येत नाही. पैशांतला फरक मोठा: 2025 साली मेजर लीगचं किमान वार्षिक वेतन 7,60,000 डॉलर होतं, तर 2023च्या करारात ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वात वरच्या स्तराचं किमान 35,800. मेजर लीगच्या यादीतले 172 दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. साधारण तीन वर्षांनी वेतनाचा लवाद (त्रयस्थाकडून वेतन ठरवून घेण्याचा हक्क), सहा वर्षांनी मुक्त करार (हव्या त्या संघाशी करार करण्याची मोकळीक). ट्रिपल-एच्या गावात घर घ्यायचं तर महिन्याच्या बोलीवरच घ्या.

भारतातून हा रस्ता कुणीच धरला नाही असं नाही. भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना 2008 साली पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. दोघे मायनर लीगच्या खालच्या स्तरांवर खेळले. महाराष्ट्रातल्या मुलाने क्रिकेटमधल्या गोलंदाजीच्या वेगावर भरवसा ठेवू नये, कारण तिथे कोपर सरळ ठेवावं लागतं. सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात येणारी फेक हा जास्त खरा अंदाज. 20 फेऱ्यांचा ड्राफ्ट (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती पद्धत) अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथल्या खेळाडूंसाठी असतो. अमेरिकन कॉलेजात शिकत असाल तर त्यातून, नाहीतर आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून थेट करार.

ट्रायलला जाताना लागोपाठ दोन दिवस फेकून दाखवायची तयारी ठेवा. पहिल्या दिवशीचा वेग बरेच जण दाखवतात. दुसऱ्या दिवशीही तो टिकला आणि पहिला चेंडू स्ट्राइक पडला, तर स्काउट (संघासाठी खेळाडू शोधणारा) नाव विचारायला येतो.