चष्म्याच्या नंबरामागचं ऑप्टिक्स: सुरुवात ट्रायल सेटपासून

ऑप्टोमेट्रीच्या पहिल्या वर्षाची मुलं प्रॅक्टिकलला येतात, तेव्हा सूत्रं त्यांना तोंडपाठ असतात. पण हातात दिलेलं भिंग प्लस की मायनस, हे सांगता येत नाही. म्हणून मी वही बाजूला ठेवायला लावते आणि ट्रायल सेट, म्हणजे वेगवेगळ्या नंबरांच्या सुट्या भिंगांची पेटी, उघडायला लावते.

खोलीतले दिवे बंद करा. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी +२.०० चं भिंग धरून हळूहळू मागे सरका. भिंतीपासून अर्ध्या मीटरवर आलात की बाहेरचं लांबचं झाड भिंतीवर उलटं, स्पष्ट उमटेल. १ भागिले ०.५ (मीटर) म्हणजे २, हाच डायॉप्टर, भिंगाच्या ताकदीचं माप. +४.०० घेतलंत तर हेच अंतर २५ सेंटीमीटर होतं. हा भागाकार अंगात मुरू द्या, पुढे तो जागोजागी लागतो.

आता भिंतीवर मोठी फुली आखा. कमी नंबरचं भिंग डोळ्यापासून वीतभर लांब धरून त्यातून फुलीकडे बघत ते डावी-उजवीकडे हलवा. फुली भिंगाबरोबर सरकली तर मायनस, उलट दिशेला सरकली तर प्लस. मग विरुद्ध नंबरची भिंगं एकेक करून त्याला चिकटवत जा. हालचाल थांबली की नंबर सापडला. भिंग जागच्या जागी फिरवल्यावर फुलीचे पाय कात्रीसारखे उघडमीट करू लागले, तर त्यात सिलेंडर, म्हणजे एकाच दिशेतला जादा नंबर, आहे. लेन्सोमीटर (भिंगाचा नंबर मोजणारं यंत्र) हे क्षणात सांगतो, तरी आधी हाताने करा. बोटांना कळलेलं विसरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र प्रिझमला, म्हणजे भिंगाच्या केंद्राबाहेरून बघताना प्रकाश एका बाजूला वळतो त्याला, द्या, कारण दुकानात आलेल्या कितीतरी तक्रारींचं मूळ तिथे असतं. नंबर बरोबर, फ्रेम छान, तरी माणूस म्हणतो, 'गरगरतंय.' अशा वेळी दोन्ही भिंगांचे ऑप्टिकल सेंटर (जिथून प्रकाश न वळता जातो तो बिंदू) मार्करने टिंबून घ्या आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवून बघा. टिंब बाहुलीसमोर आहे का? −६.०० च्या भिंगात ते ५ मिलिमीटर सरकलं असेल, तर ०.५ (सेंटीमीटर) गुणिले ६ म्हणजे ३ प्रिझम डायॉप्टर त्या डोळ्यावर विनाकारण लादले गेले. आडवा फरक डोळे थोडाफार सांभाळून घेतात, उभा नाही. एकाच डोळ्याचं सेंटर २ मिलिमीटर वर-खाली झालं, तरी याच नंबरात १.२ प्रिझम होतो. डोकं दुखायला, एकाचे दोन दिसायला तेवढा पुरतो. म्हणून पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) मोजताना घाई नको, आणि मोठ्या नंबरात सेंटरची उंचीही मोजा.

रेटिनोस्कोपीत, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून परत येणाऱ्या उजेडावरून नंबर काढताना, तोच खिडकीपाशी केलेला भागाकार परत येतो. पेशंटपासून ६७ सेंटीमीटरवर बसलात तर मिळालेल्या नंबरातून १.५० वजा, ५० वर बसलात तर २.००. पेशंट लहान मूल असेल तर आपण नकळत पुढे झुकतो आणि नंबर चुकतो. रेटिनोस्कोपला ६७ सेंटीमीटरची दोरी बांधा आणि अधूनमधून ताणून बघा.

व्हर्टेक्स अंतराची (चष्म्याचं भिंग आणि डोळा यांतल्या अंतराची) काळजी ४ डायॉप्टरच्या पुढे करा. १२ मिलिमीटरवर बसलेल्या −१०.०० च्या चष्म्यासाठी कॉन्टॅक्ट लेन्स सुमारे −९.०० ची लागते. ट्रान्सपोझिशन, म्हणजे तोच नंबर विरुद्ध चिन्हाच्या सिलेंडरने लिहिणं, तर दोन दिवसांत जमतं: स्फेअर (सगळ्या दिशांना सारखा असलेला नंबर) आणि सिलेंडरची बेरीज करा, सिलेंडरचं चिन्ह बदला, ॲक्सिस (सिलेंडरची दिशा, अंशांत) ९० ने फिरवा. +१.००/−२.००×१८० चं −१.००/+२.००×९० होतं. पटत नसेल तर दोन्ही भिंगं ट्रायल सेटमधून रचून लेन्सोमीटरखाली ठेवा.