मेंदूचा काप साडेचार पट फुगवायचा असेल तर

मेंदूचा काप जेलमध्ये बसवून तो पाण्याने फुगवायचा आणि मग मायक्रोस्कोपखाली बघायचा, याला एक्सपान्शन मायक्रोस्कोपी म्हणतात. असं फुगवलेलं जेल घेऊन कुणी कॉन्फोकलचा (लेझरने एकेक थर टिपणाऱ्या मायक्रोस्कोपचा) स्लॉट मागायला आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : फुगवायच्या आधीचा फोटो काढलाय का? नसेल तरी स्लॉट देते, पण शनिवारी दुपारचा. पीएच.डी.ची पोरं याला ताईंचा खडूसपणा म्हणतात. म्हणू देत. पुण्यातल्या एका संस्थेत मायक्रोस्कोप सांभाळणं हे माझं काम आहे. जेल फुगवणं कुणालाही जमतं. ते किती फुगलं आणि सगळीकडे सारखं फुगलं का, हे सांगता आलं तरच त्यावरून मेंदूतल्या जोडण्यांबद्दल काही बोलता येतं.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला साधारण २५० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. २०१५ मध्ये एमआयटीतल्या फेई चेन, पॉल टिलबर्ग आणि एडवर्ड बॉयडन यांनी मायक्रोस्कोपला हात न लावता नमुनाच मोठा केला. ऊतीच्या आत सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचं जाळं विणायचं, प्रथिनांच्या खुणा त्याला बांधायच्या, मग पाणी पाजायचं. हेच पॉलिमर बाळाच्या डायपरमध्ये असतं. नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी डायपर फाडायला लावते. आतली पूड ग्लासात घेऊन त्यावर नळाचं पाणी ओता, दुसऱ्या ग्लासात डिस्टिल्ड पाणी ओता, आणि दोन्ही फुगल्यावर एकात चमचाभर मीठ टाका. मीठ पडलं की जेल खाली बसतं. पुढच्या निम्म्या अडचणींचं कारण या ग्लासात दिसून जातं.

खाली दिलेली पद्धत २०१६ नंतर रूढ झालेली आहे. तिच्यात नेहमीच्याच अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून त्यावर रंग नेणारे रेणू) चालतात. नमुना म्हणून थाय-१-वायएफपी-एच जातीच्या उंदराच्या मेंदूचे काप घ्या. या उंदरात वायएफपी या पिवळ्या चमकणाऱ्या प्रथिनामुळे मोजकेच न्यूरॉन (मेंदूतल्या चेतापेशी) चमकतात, त्यामुळे एकाच्या फांद्या दुसऱ्यापासून वेगळ्या काढता येतात. प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय उंदराला हात लावायचा नाही. चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून द्रावण सोडून ऊती टिकवणं) आणि व्हायब्रॅटोमवर (थरथरत्या पात्याच्या यंत्रावर) ५० ते १०० मायक्रॉनचे काप हे तुम्हाला येत असणारच. पहिल्यांदा करत असाल तर ५० चाच घ्या.

रंग निवडताना मात्र थांबा. जेल जमताना तयार होणारे रॅडिकल (तडक क्रिया करणारे रेणू) काही रंग खाऊन टाकतात. सीवाय-५ आणि अ‍ॅलेक्सा ६४७ तर जवळजवळ पूर्ण जातात. लॅबच्या फ्रीजमध्ये नेमकी हीच कुपी सगळ्यात जास्त असते, म्हणून दर वर्षी कुणीतरी ती वापरतंच. अ‍ॅलेक्सा ४८८, ५४६, ५९४ टिकतात. लाल टोकाला अ‍ॅटो ६४७एन घ्या. वायएफपीची स्वतःची चमकही कमी होते, म्हणून जीएफपीविरुद्धची (वायएफपी हे जीएफपीचंच रूप, त्यामुळे ती चालते) अँटीबॉडी लावून ती वाढवून घ्या. शिवाय साडेचार पट लांबी म्हणजे आकारमानात सुमारे नव्वद पट. तेवढाच रंग नव्वद पट जागेत पसरतो. आधी अंधुक दिसणारं नंतर दिसणारच नाही.

आता तो आधीचा फोटो. रंगवून झाल्यावर आणि पुढचं कुठलंही रसायन घालण्याआधी डॅपी (पेशींची केंद्रकं रंगवणारा रंग) लावा आणि दहा पटीच्या ऑब्जेक्टिव्हने (भिंगाने) अख्ख्या कापाचा नकाशा काढा. मग दोन-तीन जागा निवडून तिथे चाळीस पटीच्या वॉटर ऑब्जेक्टिव्हने (यात भिंग आणि नमुना यांच्यामध्ये पाणी असतं) पूर्ण खोलीचा स्टॅक, म्हणजे थराथराचे फोटो, घ्या. ऑइलचा वापरू नका. पाण्यातल्या नमुन्यात ऑइलचं भिंग खोली चुकीची दाखवतं, आणि नंतर ही चूक जेलची की भिंगाची हे कळायला मार्ग राहत नाही. रक्तवाहिनीचा फाटा येईल अशी जागा निवडा, फुगल्यावर ती शोधायला सोपी जाते.

त्यानंतर अ‍ॅक्रिलॉइल-एक्स. हे प्रथिनांना चिकटतं आणि दुसऱ्या टोकाने जेलच्या साखळीत विणलं जातं. कोरड्या डीएमएसओमध्ये (एक विद्रावक) १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असं विरघळवून छोट्या कुप्यांत उणे २० ला ठेवा. वापरताना पीबीएसमध्ये (नेहमीचं खारं बफर द्रावण) शंभर पट पातळ करा आणि काप त्यात रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवा. या रसायनाचं ओलाव्याशी वैर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गार कुपी थेट उघडली तर आत दव जमतं, आणि मग प्रयोग का फसला ते शोधण्यात श्रावण संपतो. कुपी सिलिका जेलच्या डब्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

मोनोमरचं द्रावण दहा मिलिलिटरच्या हिशेबाने सांगते : सोडियम अ‍ॅक्रिलेट ०.८६ ग्रॅम, अ‍ॅक्रिलामाइड ०.२५ ग्रॅम, बिस-अ‍ॅक्रिलामाइड ०.०१५ ग्रॅम, मीठ १.१७ ग्रॅम, दहापट पीबीएस १ मिलिलिटर, आणि पाणी घालून एकूण ९.४ मिलिलिटर. उरलेली ०.६ ची जागा शेवटच्या तीन गोष्टींसाठी. सोडियम अ‍ॅक्रिलेटची नवी बाटली आली की ३३ टक्क्यांचं थोडं द्रावण करून पांढऱ्या कागदासमोर धरा. रंग नसेल तर ठीक. पिवळं दिसलं तर ती बाटली बाजूला ठेवा, कितीही महाग असली तरी. अ‍ॅक्रिलामाइड जमण्याआधी मज्जातंतूंना विषारी असतं, तेव्हा हातमोजे हवेतच, आणि त्याच मोज्यांनी मोबाइल उचलायचा नाही.

वापरायच्या क्षणी ४७० मायक्रोलिटर मोनोमरमध्ये अर्धा टक्का ४-हायड्रॉक्सी-टेम्पो, दहा टक्के टेमेड आणि दहा टक्के एपीएस, प्रत्येकी दहा मायक्रोलिटर, याच क्रमाने. टेमेड आणि एपीएस मिळून जेल जमवतात. एपीएस शेवटी, कारण ते पडलं की घड्याळ सुरू झालं. टेम्पो जमण्याचा वेग कमी करतं, म्हणजे द्रावणाला कापाच्या पोटात पोचायला वेळ मिळतो. सगळं बर्फावर करा. एप्रिलमधल्या दुपारी एसी बंद पडलेल्या खोलीत हे द्रावण पिपेटच्या टोकातच जमू शकतं. कापावर द्रावण घालून अर्धा तास ४ अंशाला ठेवा. मग स्लाइडवर कापाच्या दोन्ही बाजूंना कव्हरस्लिप ठेवून वर तिसरीचं झाकण घाला, कडेने ताजं द्रावण भरा, बुडबुडे काढा, आणि दमट डब्यात ३७ अंशाला दोन तास.

जेल जमल्यावर कापाभोवतीचं जास्तीचं कापून टाका आणि एक कोपरा तिरका छाटा. हा छाटलेला कोपरा विसरू नका. फुगलेलं जेल जवळजवळ सगळं पाणीच असतं, पाण्यात ते दिसत नाही, आणि कुठली बाजू वर होती हे सांगणारं दुसरं काही उरत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण सात मिलिमीटरचा तुकडा ठेवा. तो साडेचार पट झाला तरी सहा-वेलच्या (सहा खळग्यांच्या) प्लेटमध्ये मावतो. दहाचा ठेवलात तर मोठी पेट्री डिश लागेल. ग्राफ पेपरवर ठेवून वरून मोबाइलने फोटो काढा. हाही आधीचा फोटोच, फक्त ढोबळ.

मग प्रोटीनेज-के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम), ८ युनिट प्रति मिलिलिटर, रात्रभर. याने ऊतीचा ताठपणा जातो. हे अर्धवट झालं तर जेल फुगायला बघतं आणि ऊती त्याला धरून ठेवते. याचा पहिला पुरावा कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या पांढऱ्या पट्ट्याच्या) कडेला दिसतो, कारण पांढरा भाग जास्त चिवट असतो आणि राखाडी भागाला लागून तिथे चिरा पडतात. चिरा दिसल्या तर त्या भागातली मापं सोडून द्या. सॉफ्टवेअरने त्या बुजवू नका.

फुगवण्यासाठी शुद्ध पाणी, वीस-वीस मिनिटांनी बदलत, तीन ते पाच वेळा, माप वाढायचं थांबेपर्यंत. पाणी म्हणजे मशीनमधून नुकतं काढलेलं; आठवडाभर कॅनमध्ये पडलेलं नव्हे. डायपरचा ग्लास आठवा. चार पटीवर अडकलेल्या जेलची तक्रार आली की मी आधी पाणी तपासते.

मायक्रोस्कोपखाली जेल हलतं. तळाच्या काचेला पॉली-एल-लायसिन लावा म्हणजे जेल चिकटून राहतं, जेल त्यावर ठेवून भोवतीचं पाणी टिपून घ्या. इन्व्हर्टेड (खालून बघणारा) मायक्रोस्कोप असेल तर ऊतीची बाजू खाली हवी, नाहीतर भिंग तिथवर पोचत नाही. फुगलेल्या जेलची जाडी पाऊण मिलिमीटर सहज होते. आणि हार्ड डिस्क आणा. मूळ १०० बाय १०० बाय ५० मायक्रॉनचा तुकडा फुगल्यावर ४५० बाय ४५० बाय २२५ होतो, ०.१६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ०.४ ची पायरी धरली तर एका रंगाचे साधारण नऊ जीबी. तीन रंग असतील तर तुम्हीच गुणा.

आता दोन्ही फोटो शेजारी ठेवा. फिजी या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमधलं बिगवार्प (दोन चित्रं जुळवणारं साधन) उघडा, आधीच्या आणि नंतरच्या चित्रात त्याच पेशी ओळखून खुणा ठोका. पेशींच्या जोड्या सगळ्या दिशांनी निवडा, खोलीच्या दिशेनेही. आधी १२० मायक्रॉन अंतर होतं आणि नंतर ५२८ झालं, तर गुणक ४.४. एका दिशेला ४.४ आणि दुसरीला ४.० येत असेल तर जेल उचलताना ताणलं गेलंय किंवा फुगणं पूर्ण झालेलं नाही. सारखा गुणक काढून टाकल्यावरही जी ओढाताण उरते, ती अंतराच्या एक ते चार टक्क्यांत बसली तर काम चांगलं झालं. पेपरात स्केल बार टाकताना हा मोजलेला गुणक वापरा. ‘साडेचार’ हे फक्त पद्धतीचं टोपणनाव आहे.

एवढं झालं की जोडण्या बघा. सायनॅप्स म्हणजे दोन न्यूरॉनमधली जोडणी. तिच्या देणाऱ्या बाजूला बॅसून (Bassoon) आणि घेणाऱ्या बाजूला होमर-१, या दोन प्रथिनांवर वेगवेगळे रंग लावले असतील तर साध्या कॉन्फोकलमध्ये ते एकमेकांवर चढलेले दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात दीडशेएक नॅनोमीटरचं अंतर असतं. फुगवल्यावर बारकावा साधारण ६० ते ७० नॅनोमीटरपर्यंत येतो आणि जोडी सुटी होते. फिजीतल्या एसएनटीने (फांद्यांचा माग काढणारं साधन) पिवळ्या न्यूरॉनची फांदी काढा, तिच्या काट्यांवर (फांदीवरच्या बारीक उंचवट्यांवर) होमर शोधा, समोर बॅसून आहे का बघा. जोडी सापडली तर ‘इथे सायनॅप्स असावा’ एवढं म्हणता येतं. समोरचा अ‍ॅक्सॉन (न्यूरॉनची संदेश पाठवणारी लांब तार) कुणाचा, हे म्हणता येत नाही. तो रंगवलेलाच नसतो.

ही मर्यादा सांगितल्याशिवाय कुणाला मी ‘सर्किटचा नकाशा’ हा शब्द पोस्टरवर छापू देत नाही. सगळेच न्यूरॉन दाटीवाटीने असताना शंभर नॅनोमीटरहून बारीक अ‍ॅक्सॉनचा माग साडेचार पटीत लागत नाही. फळमाशीच्या मेंदूतल्या १,३९,२५५ न्यूरॉनांचा जो संपूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रांवरून काढलेला आहे. प्रकाशाच्या मायक्रोस्कोपने तसं करता येईल असं दाखवणारं ऑस्ट्रियातल्या आयएसटीए आणि गूगल यांचं लायकॉन हे काम २०२५ मध्ये आलं. त्यात एकात एक जेलं विणून सुमारे सोळा पट फुगवतात आणि सगळीच प्रथिनं रंगवतात. तिकडे वळायचं असेल तर आधी एक जेल नीट मोजायला शिका. तीन जेलं विणली की प्रत्येकाची ओढाताण एकमेकांवर साठत जाते.

काम झाल्यावर जेल पीबीएसमध्ये परत घाला. ते आक्रसून हाताळण्याजोगं होतं. थोडं सोडियम अ‍ॅझाइड घालून, फॉइलमध्ये गुंडाळून ४ अंशाला ठेवा, पुन्हा बघायचं असेल तेव्हा पुन्हा पाणी पाजा. डबीवर तारीख, गुणक आणि छाटलेला कोपरा कुठला हे लिहा. उरलेलं मोनोमर बेसिनमध्ये ओतू नका. नळीतच टेमेड-एपीएस घालून जमू द्या आणि घट्ट झालेली नळी रासायनिक कचऱ्यात टाका.