एमजीबीच्या सीटचा खचलेला सांगाडा दुरुस्त कसा करावा

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात तयार झालेल्या एमजीबी मोटारीची सीट खचली की बहुतेक मालक आधी नवा फोम आणि नवे कव्हर विकत घेतात. खरा दोष अनेकदा त्याखालच्या लोखंडी सांगाड्यात असतो आणि तो तसाच ठेवून वर चढवलेले महागडे चामडेही थोड्याच काळात पुन्हा एका बाजूला झुकते. ही गाडी जमिनीलगत असल्यामुळे चढता-उतरताना शरीराचा सगळा भार सीटच्या दाराकडील कडेवर येतो, म्हणून झीज आणि भेगा प्रथम तिथेच शोधाव्यात. पुढील पद्धत 1970 च्या दशकातील, बैठकीखाली रबरी पडदा ताणून बसवलेल्या सीटसाठी आहे.

सीट पूर्ण मागे सरकवून पुढचे आणि पूर्ण पुढे सरकवून मागचे बोल्ट सोडवावेत. हे बोल्ट इंची मापाचे असल्याने जवळपास बसणारा मेट्रिक पाना वापरू नये. आदल्या दिवशी गंज सैल करणारे तेल सोडून ठेवल्यास गाडीच्या तळातील नट तुटण्याचा धोका कमी होतो. सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते त्या रुळांखालच्या लाकडी पट्ट्या कुठल्या बाजूच्या होत्या, याची खूण करून ठेवावी.

कव्हर कडेच्या क्लिपा काढून सावकाश सोडवावे, फोम उचलावा आणि रबरी पडद्याचे तारेचे आकडे एकेक करून सांगाड्याच्या छिद्रांतून काढावेत. आता सांगाड्याची नळी तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावी, कारण रंगाखालची केसासारखी भेग एरवी दिसत नाही. आकड्यांनी ओढून लांबट झालेली छिद्रे, पाठीच्या बिजागरीजवळचे जोड आणि रूळ जिथे बसतात ती जागा विशेष काळजीने पाहावी. टोच्याने दाबताच नळी आत गेली, तर तेवढा तुकडा कापून टाकण्यावाचून इलाज नाही.

वेल्डिंग करण्याआधी सांगाडा त्याच्याच रुळांवर बोल्टने घट्ट आवळून घ्यावा. या एका गोष्टीवर सगळी दुरुस्ती अवलंबून असते: उष्णतेने नळी थोडी जरी ओढली गेली, तरी नंतर दोन्ही रूळ समांतर राहत नाहीत आणि सीट अडकत सरकते. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे वाढत नाही; मग भेग कानशीने किंचित रुंद करून भरावी. कापलेल्या जागी आतून घट्ट बसणारा नळीचा तुकडा घालून दोन्ही टोके त्यावर जुळवावीत. मिग वेल्डिंगने (यात वेल्डची तार यंत्रातून आपोआप पुढे येते) आधी समोरासमोर टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारावेत, माप तपासावे आणि मगच थोडेथोडे, मध्ये थंड होऊ देत जोड पूर्ण करावा. लांबट झालेली छिद्रे भरून मूळ जागी पुन्हा पाडावीत. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. सीट गाडीत असताना तर वेल्डिंग मुळीच करू नये. फोम आणि गालिचा चटकन पेट घेतात, शिवाय 1974 पर्यंतच्या गाड्यांत सीटच्या मागेच, गाडीच्या तळाच्या पत्र्याखाली, 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. ज्याला नळीवरील वेल्डिंगचा सराव नाही त्याने जुळवाजुळव स्वतः करून जोड जाणकाराकडून करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण धक्का बसल्यास माणसाला धरून ठेवण्याचे काम हाच सांगाडा करतो.

जोड घासून सपाट केल्यावर प्राइमर आणि रंगाचे पातळ हात द्यावेत. जाड थराने आकड्यांची छिद्रे बुजतात. जुना रबरी पडदा चिरलेला असेल तर नवाच घ्यावा, तो कोमट पाण्यात मऊ करावा आणि आकडे समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने अडकवावेत, म्हणजे ताण सारखा बसतो. फोम व कव्हर चढवून रुळांना ग्रीस लावावे, लाकडी पट्ट्या जागेवर ठेवून चारही बोल्ट आधी हाताने फिरवावेत, सीट पुढे-मागे विनासायास सरकते याची खात्री करावी आणि त्यानंतरच ते पूर्ण आवळावेत.