गुडघ्याखाली कापलेल्या पायाला क्रेप बँडेज कसं बांधावं

ऑपरेशननंतर उरलेल्या पायाला, म्हणजे स्टंपला, सूज येतेच. सुजेवर माप घेऊन केलेलं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा ज्यात स्टंप बसतो तो भाग, सूज उतरली की ढिलं होतं, मग चालताना कातडी सोलते. म्हणून जयपूर फूटच्या शिबिराची चौकशी करण्याआधी बँडेज शिकून घ्या. ते कधीपासून बांधायचं हे मात्र सर्जनलाच विचारा. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर नक्कीच.

१. १० सेंटीमीटरचं (चार इंची) बँडेज घ्या. पलंगावर बसून गुडघा सरळ ठेवा.

२. पट्टीचं टोक गुडघ्याच्या वाटीखाली धरा. पट्टी स्टंपच्या टोकावरून मागे न्या, तशीच पुन्हा पुढे आणा. टोक पूर्ण झाकेपर्यंत असं करा. कोपरे उघडे राहिले तर तिथेच सूज साचते.

३. आता तिरपे वेढे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, वर चढवत न्या. ताण टोकाशी सर्वांत जास्त, वर जाताना कमी कमी. गोल वेढे देऊ नका. बांगडीसारखा आवळलेला वेढा रक्त अडवतो आणि सूज खाली ढकलतो. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

४. गुडघ्याच्या वर एक-दोन तिरपे वेढे देऊन शेवट चिकटपट्टीने बसवा. धातूच्या क्लिपा कातडीला टोचतात.

दर चार-सहा तासांनी सोडा, कातडी पाहा, पुन्हा बांधा. रात्रीही बँडेज हवंच. ठणका, बधिरपणा, गारपणा किंवा निळसर रंग दिसला तर लगेच सोडा. सोडूनही तसंच राहिलं तर डॉक्टरांना गाठा. मधुमेह असेल तर दुखणं कळेलच असं नाही, तेव्हा आरसा धरून मागची बाजूही रोज बघा.

सुरुवातीला पट्टी घसरेल, वैताग येईल. घरातल्या दोघांनी तरी हे शिकावं. एकट्याच्या हातावर ही जबाबदारी टाकू नका. आणि मायेपोटी गुडघ्याखाली उशी ठेवू नका. गुडघा वाकलेला राहून आखडला तर कृत्रिम पाय बसवणं फार अवघड होतं.

मांडीतून पाय कापला असेल तर १५ सेंटीमीटरचं बँडेज लागतं आणि ते कमरेभोवती घ्यावं लागतं. जांघेपर्यंत झाकलं नाही तर तिथे मांसाची वळी तयार होते. हे फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिका.

टाके निघून जखम भरली की डॉक्टर श्रिंकर, म्हणजे स्टंप आवळून धरणारा मोज्यासारखा लवचीक पट्टा, देऊ शकतात. चढवायला तो सोपा; सुरकुती राहू देऊ नका, टोकाशी पोकळी नको.

बँडेजं दोन ठेवा. सौम्य साबणाने धुऊन, न पिळता, सावलीत आडवी पसरून वाळवा. दोरीवर लोंबकळली की ताण जातो. ओढून सोडल्यावर पट्टी मागे येत नसेल तर नवी घ्या.